‘मोठी आई’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

प्रश्न: एका वाचक ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्यातली अडचण अशी. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मुलाच्या घरी मराठी कुणालाच येत नाही, त्यामुळे दोन्ही घरांचं बोलणं इंग्रजीतून चालतं. पहिल्या व्हिडिओ कॉलवर मुलीने आपल्या मोठ्या काकूची ओळख घाईघाईत ‘ग्रँडमदर’ अशी करून दिली, कारण घरात ती त्यांना ‘मोठी आई’ म्हणते. या जाऊबाई ताईंपेक्षा जेमतेम 4 वर्षांनी मोठ्या. त्या वेळी त्या हसल्या, पण नंतर दोन दिवस गप्प गप्प होत्या. पुढच्या कॉलला ताईंनी ‘सिस्टर-इन-लॉ’ अशी दुरुस्ती केली, तर होणाऱ्या विहीणबाईंनी विचारलं, “म्हणजे तुमच्या मिस्टरांची बहीण का?” आणि खरी नणंद तर शेजारच्याच खुर्चीत बसलेली! मुलगा म्हणतो ‘को-सिस्टर’ म्हण, मुलगी म्हणते असा शब्दच नाही. आता घरच्या मंडळींची ओळख करून देणारं इंग्रजी पान तयार करायचं काम ताईंकडे आलं आहे. त्यात ‘कझिन ब्रदर’ लिहिलेलं पाहून मुलगी हसली. शिवाय ताईंचा थोरला भाऊ हा वडिलांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा. आजवर त्यांनी सगळीकडे ‘स्टेप ब्रदर’ लिहिलं, पण या वेळी हात अडखळतो आहे. “प्रत्येक नात्याचा नेमका बरोबर शब्द एकदा सांगा, म्हणजे कुणाचा अपमान होणार नाही,” असं त्यांनी लिहिलं आहे.

उत्तर:

ताई,

तुम्ही शब्द विचारलेत, पण पत्र वाचताना माझं लक्ष सारखं त्या दोन दिवसांच्या गप्प राहण्याकडे जात होतं. तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

तुम्हाला वाटतंय, जाऊबाईंना म्हातारं ठरवल्यासारखं झालं. असेलही तसं. पण तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे, जे तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. मुलगी 6 महिन्यांची असताना तुम्ही नोकरीवर परत रुजू झालात आणि ती शाळेत जायला लागेपर्यंत दिवसभर जाऊबाईंजवळ असायची. ‘मोठी आई’ हे नाव तेव्हाचं. त्या नावात त्यांची ती सगळी वर्षं आहेत. ते नाव कॉलच्या पलीकडच्या माणसांपर्यंत पोचलं तेव्हा भलतंच होऊन पोचलं, आणि कदाचित तेच त्यांना लागलं असेल. हा माझा अंदाज, वयाचा तो तुमचा अंदाज. त्यांना स्वतःला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. ते आधी करा. दोघीच असाल तेव्हा सरळ विचारा, “त्या लोकांना तुमची ओळख काय म्हणून करून देऊ?” शब्दकोशात तुम्हाला सापडणार नाही असं काहीतरी त्या सांगतील.

आता शब्दांकडे येऊ.

आपण शाळेत ‘जोड्या लावा’ करत मोठे झालो. सासू म्हणजे मदर-इन-लॉ, जावई म्हणजे सन-इन-लॉ. या जोड्या चपखल बसतात, म्हणून मनात पक्कं बसतं की प्रत्येक मराठी नात्याला इंग्रजीत एक जोडीदार शब्द असणारच, आपल्याला तो ठाऊक नाही एवढंच. तुमचा सगळा प्रश्न या समजुतीवर उभा आहे, आणि ती समजूत ‘सिस्टर-इन-लॉ’पाशी येऊन कोसळते. नवऱ्याची बहीण नणंद, बायकोची बहीण मेहुणी, भावाची बायको वहिनी, नवऱ्याच्या भावाची बायको जाऊ. इंग्रजीत या सगळ्या जणी सिस्टर-इन-लॉ. दीर, मेहुणा, बहिणीचा नवरा, साडू हे सगळे ब्रदर-इन-लॉ. ‘इन-लॉ’मधला ‘लॉ’ मुळात चर्चच्या कायद्याचा आहे. लग्नामुळे जोडल्या गेलेल्या कोणत्या नात्यांत पुन्हा विवाह करता येणार नाही, हे तो कायदा ठरवत असे. त्यामुळे हा शब्द एवढंच सांगतो की नातं रक्ताचं नाही, लग्नातून आलेलं आहे. कुणाच्या बाजूचं, कुणाच्या मार्फत, थोरलं की धाकटं, हे सांगायचं काम त्या शब्दावर कधी टाकलेलंच नव्हतं.

म्हणून विहीणबाईंनी “मिस्टरांची बहीण का?” असं विचारलं, यात तुमची काही चूक झाली असं समजू नका. जन्मभर इंग्रजी बोलणारी माणसंसुद्धा एकमेकांना हाच प्रश्न विचारतात. आणि ज्याला ऐकणाऱ्याचा गोंधळ टाळायचा असतो, तो आधीच सांगून टाकतो: ‘माय हजबंड्स सिस्टर’, ‘माय ब्रदर्स वाइफ’. हे तोडकंमोडकं इंग्रजी नव्हे, उत्तम इंग्रजी आहे. तुम्ही शब्द शोधत राहिलात आणि तिथे हवं होतं एक छोटं वाक्य. नणंदेला ‘माय हजबंड्स सिस्टर’ म्हणा, जाऊबाईंना ‘शी इज मॅरिड टू माय हजबंड्स एल्डर ब्रदर’ म्हणा. दोघी शेजारी शेजारी बसल्या असल्या तरी कुणी कुणात मिसळणार नाही.

मी बरीच वर्षं मराठी कागदपत्रांची आणि घरगुती पत्रांची इंग्रजी भाषांतरं करून दिली आहेत. सुरुवातीच्या काळात एका कौटुंबिक पत्रात मी काका आणि मामा दोघांनाही नुसतं ‘अंकल’ लिहिलं. वाचणाऱ्यांचा समज झाला की माणूस एकच आहे. त्यामुळे मामाने केलेली मदत काकाच्या नावावर गेली. ती चूक माझी होती आणि ती मला अजूनही बोचते. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. नात्याचा शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं, वाचणाऱ्याला इथे काय कळायला हवं आहे? बाजू कळायला हवी असेल तर ‘माय मदर्स ब्रदर’. थोरलेपण महत्त्वाचं असेल तर ‘एल्डर’. आणि नुसतं ‘घरचंच माणूस आहे’ एवढंच पोचवायचं असेल, तर ‘अंकल’ पुरतो.

तुमच्या पत्रात एक तक्रारीचा सूर आहे, की इंग्रजांना नात्यांची किंमत नाही म्हणून त्यांच्याकडे शब्द नाहीत. हे मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे. जुन्या इंग्रजीत आपल्यासारखेच चार वेगवेगळे शब्द होते: काका, मामा, आत्या आणि मावशी यांच्यासाठी. मामाला ‘एआम’ म्हणत, मावशीला ‘मोद्रिये’. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारी भाषा फ्रेंच झाली आणि पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत फ्रेंचमधून आलेले ‘अंकल’ आणि ‘आंट’ इंग्रजीत मुरले. हळूहळू चारांच्या जागी दोनच उरले. त्यातली गंमत अशी की ‘अंकल’चं मूळ लॅटिन ‘अवुन्कुलुस’, आणि त्याचा अर्थ फक्त मामा. काकाला लॅटिनमध्ये ‘पात्रुउस’ हा वेगळा शब्द होता, आपल्या संस्कृत ‘पितृव्य’चा नातलग. ‘आंट’ आला ‘अमिता’वरून, म्हणजे आत्या. मावशीसाठी लॅटिनमध्येही स्वतंत्र शब्द होता. म्हणजे आज आपण काकाला ‘अंकल’ म्हणतो तेव्हा मुळात त्याला मामा म्हणत असतो, आणि मावशीला ‘आंट’ म्हणतो तेव्हा आत्या.

नातू आणि नेफ्यू यांचं तर मूळच एक आहे. संस्कृत ‘नप्तृ’ आणि लॅटिन ‘नेपोस’ हे सख्खे भाऊ शोभावेत असे शब्द. आपल्याकडे त्यातून नातू आला, तिकडे नेफ्यू. आणि ‘नेफ्यू’चा अर्थ एके काळी इंग्रजीतही नातू असा होत असे. तुमच्या जाऊबाईंच्या ‘जाऊ’ शब्दाचं घराणंही असंच जुनं आहे. तो संस्कृत ‘यातृ’वरून आला, आणि लॅटिनमध्ये भावाभावांच्या बायकांसाठी त्याच मुळाचा शब्द होता. आपण तो जपला, पश्चिमेकडे तो विरून गेला. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की इंग्रजीत शब्द नाही म्हणजे तिकडच्या माणसांना ते नातं कळणार नाही असं मुळीच नाही. विहीणबाईंना दोन जावा एका घरात 22 वर्षं कशा राहिल्या हे सांगून पाहा. त्यांना लगेच कळेल.

‘को-सिस्टर’बद्दल मुलगा आणि मुलगी दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. भारतीय इंग्रजीत, विशेषतः दक्षिणेकडे, जावेला ‘को-सिस्टर’ आणि साडूला ‘को-ब्रदर’ म्हणतात. तिथे तो शब्द पूर्ण चालतो, लोक तो रोज वापरतात. भारताबाहेरच्या माणसाला मात्र त्यातून काहीच कळत नाही. उलट एखाद्याला सावत्र बहीण वाटेल, एखाद्याला एकाच संस्थेतल्या सहकारी. तेव्हा शब्द खोटा नाही, पण तुमच्या वाचकांसाठी तो उपयोगाचा नाही. ‘कझिन ब्रदर’चंही तसंच. आपल्याला नुसतं ‘कझिन’ म्हटलं की उघडं पडल्यासारखं वाटतं, भाऊ की बहीण हे कळायलाच हवं असं वाटतं, कारण मराठीत भाऊ-बहीण म्हटल्याशिवाय ते नातं उच्चारताच येत नाही: मामेभाऊ, आतेबहीण, चुलतभाऊ, मावसबहीण. त्या ओढीने आपण ‘ब्रदर’ जोडतो. तुमच्या मुलीला हेही सांगा, की ‘कझिन ब्रदर’ म्हणणाऱ्या माणसाचं इंग्रजी कच्चं असेलच असं नाही. त्याने चुलतभावाला भाऊच मानलं आहे, आणि ते त्याच्या भाषेत उतरलं आहे. हसण्यासारखं त्यात काही नाही. पण पानावर मात्र नुसतं ‘कझिन’ लिहा. पुढे नाव येईल, मग ‘ही’ किंवा ‘शी’ येईल, आणि स्त्री की पुरुष ते आपोआप स्पष्ट होईल.

कझिनच्या मुलाला तुम्ही ‘सेकंड कझिन’ लिहिलंय, तेवढं बदला. हा घोटाळा इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरातही सर्रास होतो. ज्यांचे आजी-आजोबा एक, ते फर्स्ट कझिन. ज्यांचे पणजी-पणजोबा एक, ते सेकंड कझिन. म्हणजे तुमच्या मामेभावाची मुलं आणि तुमची मुलं एकमेकांची सेकंड कझिन. मामेभावाचा मुलगा तुमचा मात्र ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’, कारण मध्ये एका पिढीचा फरक आहे. एवढं लांबलचक कुणी बोलत नाही. ‘माय कझिन्स सन’ लिहा आणि मोकळ्या व्हा.

दादाबद्दल मात्र मला थांबून लिहायचं आहे.

‘स्टेप ब्रदर’ हा शब्द इथे चुकीचा आहे, ताई. तुमची आई आणि दादाची आई वेगळ्या, पण वडील एकच. ज्यांचा एक पालक रक्ताचा आणि सामाईक, ती भावंडं ‘हाफ ब्रदर’, ‘हाफ सिस्टर’. ‘स्टेप’ म्हणजे आई किंवा वडिलांनी ज्याच्याशी दुसरं लग्न केलं त्या व्यक्तीचं आधीचं मूल, जिथे दोन मुलांमध्ये रक्ताचा कुठलाच धागा नसतो. मराठीतला ‘सावत्र’ या दोन्हींना पुरतो, म्हणून आपला गोंधळ होतो. त्या ‘सावत्र’मध्ये ‘सवत’ दडलेली आहे, आणि इंग्रजी ‘स्टेप’चा जुना अर्थ हरपण्याशी, पोरकेपणाशी जोडलेला. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओपचिल्ड’ म्हणजे आई किंवा वडील गमावलेलं मूल. त्यापुढे आणखी एक गुंता असा, की 19व्या शतकापर्यंत इंग्रजीत सावत्र आईलाही ‘मदर-इन-लॉ’ म्हणत असत. म्हणजे या शब्दांच्या सीमा खुद्द त्यांच्या घरातही पक्क्या नव्हत्या. इतकी वर्षं तुम्ही चुकीचं लिहिलं असलं तरी त्यात काही आभाळ कोसळलेलं नाही. पण यापुढे जिथे नातं अचूक नोंदवावंच लागतं, म्हणजे वारसा, विमा, वैद्यकीय माहिती, तिथे ‘हाफ ब्रदर’ लिहा. वैद्यकीय माहितीत तर हा फरक फार मोलाचा आहे. वडिलांकडून येणारा एखादा आजार दादाला असेल, तर डॉक्टरांना ते कळायला हवं. ‘स्टेप’ लिहिलं तर ते ती माहिती बाजूला ठेवतील.

ओळखीच्या पानावर काय लिहायचं? तुमच्या पत्रात आणखी एक तपशील आहे, तोही तुम्ही ओघातच सांगितला आहे. वडील गेले तेव्हा तुम्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतात, आणि दादाने स्वतःचं लग्न 2 वर्षं पुढे ढकललं. त्या पानावर दादाच्या नावापुढे मी फक्त ‘ब्रदर’ लिहीन. त्यात खोटं काहीच नाही. इंग्रजीत सख्ख्या भावालाही ‘ब्रदर’च म्हणतात आणि हाफ ब्रदरलाही घरोघरी ‘ब्रदर’च म्हणतात. ‘रिअल ब्रदर’ किंवा ‘ओन ब्रदर’ लिहायची आपल्याला सवय असते, ‘सख्खा’च्या ओघात. ते मात्र टाळा. एकाच्या नावापुढे ‘रिअल’ लिहिलं की दुसऱ्या नावांकडे लोक संशयाने पाहायला लागतात. लग्नाच्या निमित्ताने भेटणाऱ्या पाहुण्यांना दादाची आई कोण होती हे पहिल्या ओळीत कळायची गरज नाही. पुढे ओळख वाढेल, जवळीक होईल, तेव्हा दादा स्वतः सांगेल किंवा तुम्ही सांगाल. तुमचा हात अडखळला तो बरोबर जागी अडखळला.

काही गोष्टी झटपट सांगते. मोठा भाऊ ‘एल्डर ब्रदर’, पण ‘माझ्यापेक्षा मोठा’ म्हणताना ‘ओल्डर दॅन मी’. ‘एल्डर टू मी’ आपल्याकडे सर्रास बोललं जातं, पण बाहेर ते खटकतं. दोन जावा किंवा दोन नणंदा असतील तर ‘सिस्टर्स-इन-लॉ’, अनेकवचनाचा एस ‘सिस्टर’ला लागतो. ‘जावेची मुलगी’ म्हणायचं असेल तर ‘सिस्टर-इन-लॉज डॉटर’, तिथे एस शेवटी. पुतण्या, पुतणी, भाचा, भाची यांच्यासाठी ‘नेफ्यू’ आणि ‘नीस’ एवढे दोनच शब्द. फरक दाखवायचा असला तर पुन्हा तेच, ‘माय ब्रदर-इन-लॉज सन’. ‘ग्रँड अंकल’ आणि ‘ग्रेट अंकल’ एकच, म्हणजे आजी किंवा आजोबांचा भाऊ. दोन्ही चालतात, फक्त एका पानावर एकच वापरा. पणजोबा मात्र ‘ग्रेट ग्रँडफादर’.

विहीणबाईंना आणि व्याह्यांना इंग्रजीत काय म्हणायचं असंही तुम्ही विचारलंय. याला इंग्रजीत शब्द नाही. स्पॅनिशमध्ये आहे, ‘कोन्सुएग्रो’, पण तो तुमच्या कामाचा नाही. ‘माय इन-लॉज’ म्हणू नका. तसं म्हटलं की तुमचे सासू-सासरे असाच अर्थ होतो. तिसऱ्या माणसाला सांगताना ‘माय डॉटर्स पेरेंट्स-इन-लॉ’ किंवा ‘माय सन-इन-लॉज पेरेंट्स’. त्यांना हाक मारायची असेल तर त्यांनी सुचवलं आहे तसं पहिलं नाव घ्या. तुम्हाला ते उद्धट वाटतंय हे मला कळतं, पण त्यांच्या भाषेत नावाने हाक मारणं म्हणजे जवळ घेणं. आणि उलट बाजूने एक खबरदारी. तुमच्या घरी शेजारच्या काकूंपासून मैत्रिणींपर्यंत सगळ्यांना ‘आंटी’ म्हणतात. मुलाच्या वडिलांनी विचारलंच ना, “तिला आत्या-मावश्या आहेत तरी किती?” पानावर ‘आंट’ फक्त खऱ्या नात्याला लिहा. शेजारच्या काकूंना ‘अ डिअर फ्रेंड ऑफ द फॅमिली’ लिहिलं तर त्यांचा मान कमी होत नाही. उलट त्या रक्ताच्या नसून इतक्या जवळच्या आहेत हे त्यातून कळतं.

फॉर्मबद्दल पुष्कळ वाचक विचारतात, म्हणून इथेच सांगते. ‘रिलेशनशिप टू ॲप्लिकंट’ असं विचारलेलं असतं तेव्हा समोरची व्यक्ती अर्जदाराची कोण, ते लिहायचं. अर्ज तुमचा आणि नाव भाच्याचं, तर ‘नेफ्यू’ लिहायचं, ‘आंट’ नाही. इथे गडबड होते, कारण आपण मनात “मी त्याची मावशी” असं म्हणत फॉर्म भरतो. फॉर्मवर प्रेमाची नावं, घरातली हाक, काहीच नको. तिथे जाऊ ‘सिस्टर-इन-लॉ’च. जागा असली आणि फरक महत्त्वाचा असला, तर पुढे ‘हजबंड्स ब्रदर्स वाइफ’ जोडा. आणि एका कागदावर जे लिहिलंय तेच दुसऱ्यावर लिहा. एका ठिकाणी ‘स्टेप’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘हाफ’ असेल तर उगाच प्रश्न निघतात. तुमच्या दादाच्या बाबतीत हे आधी तपासून घ्या.

आता ते पान. तुम्ही पाठवलेला कच्चा मसुदा मी वाचला. त्यात डाव्या बाजूला नाव आणि उजव्या बाजूला नात्याचा शब्द, अशा 23 ओळी आहेत. सोळाव्या ओळीपर्यंत मलाच कोण कुणाचं ते आठवेना. हे पान यादीसारखं करू नका. फोटोखाली दोन-दोन ओळी लिहा. नाव, एका छोट्या वाक्यात नातं, आणि त्या माणसाबद्दलची एक खरी गोष्ट. मामेभाऊ असेल तर ‘कझिन’ आणि पुढे, दोघांनी एकाच सायकलवर शाळा केली. 23 माणसं घेऊ नका. जी 10-12 माणसं लग्नात हाताशी असतील तेवढीच घ्या, बाकीच्यांच्या ओळखी त्या त्या वेळी तोंडी होतील.

आणि घरातली हाक बदलायची गरज नाही. ‘मोठी आई’चं इंग्रजी शोधताना मुलीची फसगत झाली, कारण तिने दोन शब्दांची दोन शब्दांत अदलाबदल केली. ‘ग्रँड’ आला, ‘मदर’ आला आणि बाई आजी झाल्या. हे नाव तसंच्या तसं ठेवा. रोमन लिपीत लिहा आणि पुढे एकदाच अर्थ सांगा. वाचणाऱ्यांना ते जड जाणार नाही. उलट पहिल्याच पानावर तुमच्या घरातला एक खरा शब्द त्यांच्या हाती पडेल. जाऊबाईंच्या फोटोखाली काय लिहावं असं तुम्ही विचारलंत, तर मी असं काहीसं लिहीन. इथे मराठीतून देते, इंग्रजी तुमची मुलगी करेल:

“या मोठी आई. नात्याने माझ्या मोठ्या दिरांच्या पत्नी. आमची मुलगी पहिलं पाऊल यांच्याकडे चालत गेली.”

पहिलं पाऊल कुणाकडे टाकलं ते मी पत्रातून ओढून ताणून घेतलंय. नेमकं काय घडलं होतं ते तुम्हाला आणि त्यांनाच ठाऊक. तुमच्या घरात खरोखर घडलेली गोष्ट तिथे घाला. मग पान पाठवण्याआधी जाऊबाईंना आणि दादाला वाचून दाखवा. एखादा शब्द त्यांना नको असेल तर काढून टाका, तो व्याकरणात कितीही बरोबर असला तरी.

पुढच्या कॉलला होणाऱ्या जावयांना ‘मोठी आई’ हे दोन शब्द म्हणायला सांगा. त्यांना ‘ठ’ लगेच जमणार नाही. तो जाऊबाईंनी शिकवावा.